बारा आकडे आणि आपली माणसं



फौजेतून निवृत्त होऊन बंगळूरला स्थायिक झालो, तेव्हा वाटलं होतं की आता कागदांपासून सुटका. झालं उलटंच. फॉर्म भरायची सवय असलेला घरात मी एकटाच, त्यामुळे सगळ्या गोतावळ्याचा कारकून झालो. कोणाचं रेल्वेचं तिकीट, कोणाचा पेन्शनचा अर्ज, कोणाच्या बँकेची केवायसी. प्रत्येक कामाला आधारची प्रत लागायची, आणि ती माझ्या व्हॉट्सॲपवर यायची. मी ती जपून ठेवायचो. मोबाइलमध्ये 'कुटुंब' नावाचं फोल्डर केलं होतं. त्यात चौदा जणांची आधार कार्डं होती. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

मागच्या वर्षी बेळगावहून भाचीचा फोन आला. तिचं घरचं प्रकरण तुम्हाला थोडक्यात सांगतो, नावं सांगणार नाही. कोर्टाने तिला आणि मुलाला पोटगी मंजूर केली होती. जावईबापूंनी चार महिने पैसे दिले. मग नोकरी सोडली, भाड्याचं घर सोडलं, मोबाइल नंबरही बदलला. कोर्टाची नोटीस जुन्या पत्त्यावर जायची आणि परत यायची.

भाची म्हणाली, "मामा, तुमच्याकडे त्यांचं आधार आहे ना? काशीला गेलो तेव्हा तिकिटं तुम्हीच काढली होती."

म्हटलं, "आहे."

"मग बंगळूरला आधारचं मोठं ऑफिस आहे. तुम्ही कर्नल होतात, तुमच्या ओळखी असतील. एवढा त्यांचा आत्ताचा पत्ता काढून द्या. मी त्यांची बायको आहे मामा. मला एवढाही हक्क नाही का?"

मी तिला दोन दिवस मागून घेतले. आणि कबूल करतो, फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्या ओळखीचं तिथे कोण आहे. दुसरा विचार यायला रात्र जावी लागली. ते दोन दिवस मी कायदा आणि निकाल वाचत बसलो. मी वकील नाही. पण जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण आज प्रत्येक घरात असा एक मामा आहे आणि असं एक फोल्डर आहे.

आधी त्या बारा आकड्यांबद्दल. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या महाराष्ट्रात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे यांना. त्या बारा आकड्यांत गावाचा, जातीचा, जन्मतारखेचा काही पत्ता लागत नाही. पहिले अकरा आकडे यंत्राने स्वैर निवडलेले असतात; फक्त सुरुवात शून्याने किंवा एकने होत नाही. बारावा आकडा हा पडताळणीचा. व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञाची पद्धत त्यासाठी वापरली आहे. लिहिताना एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर शेवटचा आकडा जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. म्हणजे नंबर स्वतः काही बोलत नाही. बोलतो तो त्या नंबरामागचा साठा: नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा.

आता नंबर हातात आहे म्हणून तो साठा उघडतो का? मी माझ्याच नंबरावर करून पाहिलं. आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक खरा आहे की नाही ते तपासायची सोय आहे. नंबर टाकला. उत्तर आलं: क्रमांक अस्तित्वात आहे, वयोगट अमुक ते अमुक, पुरुष, राज्य कर्नाटक, मोबाइलचे शेवटचे तीन आकडे. बस. गल्ली नाही, शहरही नाही. पूर्ण तपशील पाहायचे तर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो. भाचीला माझ्याकडचा नंबर मिळाला असता तरी त्यातून फार तर राज्याचं नाव कळलं असतं, तेही कार्डावरचं. माणूस आज कुठे राहतो हे आधारलाही ठाऊक नसतं. त्याने स्वतः पत्ता बदलून घेतला असेल तरच तिथे नवा पत्ता असतो.

हे तिला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणून तर ऑफिसातून काढा म्हणते." तिचं चुकत नव्हतं. आणि तिच्यासारखीच एक बाई तिच्या आधी त्याच वाटेने गेली होती, तीही आपल्या शेजारच्या हुबळीची.

त्या बाईंचं लग्न २००५ सालचं, एक मुलगी. संसार मोडला. कौटुंबिक न्यायालयाने त्यांना दरमहा १०,००० रुपये आणि मुलीला ५,००० रुपये पोटगी ठरवून दिली. नवरा सापडेना, म्हणून आदेश बजावता येईना. त्यांनी माहितीच्या अधिकारात आधार प्राधिकरणाकडे अर्ज केला की माझ्या नवऱ्याच्या आधारवरचा पत्ता द्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्राधिकरणाने नकार दिला: अशी माहिती द्यायची तर आधार कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. बाई उच्च न्यायालयात गेल्या. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी एकल न्यायाधीशांनी सांगितलं की नवऱ्याला नोटीस काढा, त्याचं म्हणणं ऐका आणि बाईंच्या अर्जाचा पुन्हा विचार करा. त्यावर प्राधिकरणाने अपील केलं.

ते अपील धारवाडच्या खंडपीठापुढे चाललं. न्यायमूर्ती एस. सुनील दत्त यादव आणि न्यायमूर्ती विजयकुमार ए. पाटील यांनी २०२३ च्या अखेरीस निकाल दिला. बाईंच्या वतीने म्हणणं असं होतं की लग्नानंतर नवरा-बायकोची ओळख एकमेकांत मिसळलेली असते, तेव्हा बायकोने नवऱ्याची माहिती मागण्यात गैर काय? न्यायालयाने हे मान्य केलं नाही. लग्न हे दोघांचं नातं आहे, पण खाजगीपणाचा हक्क हा एकेका व्यक्तीचा आहे, आणि लग्नाने तो झाकला जात नाही, असा त्या निकालाचा सारांश. शिवाय प्राधिकरणाने स्वतःच नोटीस काढून, स्वतःच ऐकून निर्णय करायचा, हेही कायद्यात बसत नाही. ते काम उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं. म्हणून प्रकरण पुन्हा एकल न्यायाधीशांकडे पाठवलं, आणि नवऱ्याला त्यात पक्षकार करायला सांगितलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. जो माणूस लेकीचे पैसे बुडवून पळाला, त्याचं म्हणणं ऐकायचं? आणि तो सापडत नाही म्हणून तर बाई कोर्टात आली, मग त्याला पक्षकार करून नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार? हा पेच खरा आहे, तो मी लपवत नाही. पण कलम ३३ असं का आहे, हे पाहिल्यावर राग थोडा निवळला.

त्यासाठी आमच्या बंगळूरच्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे जावं लागतं. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारविरुद्ध २०१२ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. त्यांच्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी, चार विरुद्ध एक मताने, आधार कायदा टिकवला पण त्याला कुंपण घातलं. कलम ३३ त्यातच आलं. मूळ २०१६ च्या कायद्यात जिल्हा न्यायाधीशही माहिती उघड करायचा आदेश देऊ शकत होते. न्यायालय म्हणालं, ज्याची माहिती आहे त्यालाही ऐकलं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलमातच आलं, आणि अधिकार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे गेला. बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या प्रतिमा तर त्या आदेशानेही देता येत नाहीत. पुट्टस्वामी २०२४ मध्ये, ९८ व्या वर्षी, इथेच बंगळूरला वारले.

कुंपण इतकं उंच का, याचं उत्तर गोव्यातल्या एका प्रकरणात मला मिळालं. जानेवारी २०१३ मध्ये वास्को इथल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. तपासात मिळालेले बोटांचे ठसे सीबीआयला गोव्यातल्या सगळ्या आधारधारकांच्या ठशांशी ताडून पाहायचे होते. वास्कोच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी माहिती द्यायला सांगितली. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेलं, आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: धारकाच्या लेखी संमतीशिवाय त्याची बायोमेट्रिक माहिती दुसऱ्या कुठल्याही यंत्रणेला द्यायची नाही. विचार करा. गुन्हा इतका भयानक, मागणारी देशाची तपासयंत्रणा, तरी दार उघडलं नाही. कारण एका गुन्हेगाराला शोधायला लाखो निरपराध लोकांचे ठसे संशयितांच्या रांगेत उभे करावे लागले असते. ते ठसे लोकांनी रेशनसाठी, पेन्शनसाठी दिले होते.

आता माझ्या पहिल्या विचाराकडे परत या. सीबीआयला जे दार उघडलं नाही, ते एका निवृत्त कर्नलने ओळखीने मागच्या बाजूने उघडावं? समजा, आतला एखादा माणूस भिडेखातर तयार झाला असता. नोंदणीच्या किंवा पडताळणीच्या कामात मिळालेली ओळखीची माहिती परक्याला देणं हा कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या भाचीसाठी मी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची नोकरी पणाला लावली असती. आणि आज माझ्या भाचीसाठी उघडलेलं दार उद्या कोणासाठी उघडेल? मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून माहेरीही न जाता दुसऱ्या गावी लपून राहणाऱ्या बायका असतात. आईबापांच्या मर्जीविरुद्ध लग्न करून पळालेली मुलं असतात. त्यांना शोधणारेही म्हणतात, "मी तिचा नवरा आहे. मी त्याचा बाप आहे. मला एवढाही हक्क नाही का?" खिडकीवरच्या कारकुनाला यातला खरा कोण आणि खोटा कोण, हे कसं कळावं? म्हणून दोन्ही बाजू ऐकणारा न्यायाधीश मध्ये ठेवला आहे.

हे वाचताना मला माझी पलटण आठवली. मी सीओ असताना माझ्या टेबलावर जवानांच्या बायकांचे अर्ज यायचे. अनेकदा शाळेच्या वहीच्या कागदावर, गावच्या मास्तरांनी लिहून दिलेले: नवरा पैसे पाठवत नाही, मुलं उपाशी आहेत. सैनिकाच्या पगारावर दिवाणी न्यायालयाला जप्ती आणता येत नाही, तसं १९५० च्या लष्कर कायद्यातच आहे. म्हणून त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ मध्ये सोय ठेवली की बायको-मुलांच्या पालनपोषणासाठी पगारातूनच रक्कम कापता येते. अर्ज आला की आम्ही जवानाला कारणे दाखवा नोटीस द्यायचो. त्याचं उत्तर घ्यायचो. काही वेळा उत्तर असं यायचं की साहेब, मनीऑर्डर जाते, पण ती भाऊ घेतो. चौकशी केली की ते खरं निघायचं. काही वेळा जवान सरळ खोटं बोलायचा, आणि तेही कळायचं. मग कागद वर जायचे आणि आदेश झाला की दर महिन्याला पगारातून रक्कम कापली जायची.

दोन गोष्टी मी तिथे शिकलो होतो आणि विसरलो होतो. एक, समोरच्याला ऐकल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, मग तो कितीही नालायक वाटो. दुसरी, त्या बाईला नवरा कुठल्या चौकीवर आहे हे कधीच सांगावं लागलं नाही. ते गुपित तिला नकोच होतं. तिला पैसे हवे होते, आणि पैसे जिथून निघतात तिथे आदेश पोचला की काम व्हायचं.

दोन दिवसांनी भाचीला फोन केला, तेव्हा हेच सांगितलं. "तुला पत्ता हवाय की पोटगी?" ती चिडली. "मामा, पत्त्याशिवाय पोटगी कशी मिळणार?" मग आम्ही दोघं तिच्या वकिलीणबाईंशी बोललो. त्यांनी जे मार्ग सांगितले ते तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला मार्ग उत्पन्नाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बँक खाती, नोकरी, गुंतवणूक सगळं त्यात येतं. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही म्हटलं होतं की पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराची माहिती ही निव्वळ त्याची खाजगी बाब राहत नाही. फरक लक्षात घ्या. ज्या माहितीवर बायको-मुलांचा थेट हक्क उभा आहे, म्हणजे कमाई, ती न्यायालय उघड करायला लावतं. आधारचा साठा त्यासाठी फोडायला लागत नाही. माझ्या भाचीच्या प्रकरणात ते प्रतिज्ञापत्र फाइलला लागलेलं होतंच. त्यात दोन बँक खाती होती आणि गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा होता. पत्त्याच्या मागे लागल्यामुळे ते पान आम्ही कोणी नीट वाचलंच नव्हतं.

दुसरा मार्ग वसुलीचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. पोटगी थकली की वसुलीचं वॉरंट काढता येतं, आणि तरीही रक्कम आली नाही तर एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी रक्कम भरेपर्यंत, कैद होऊ शकते. मात्र एक मेख आहे. रक्कम थकल्या दिवसापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पत्ता शोधण्यात वर्ष घालवलं तर तेवढ्या महिन्यांच्या वसुलीचं वॉरंट या वाटेने मिळत नाही. माझी भाची त्या वर्षाच्या काठावर होती. म्हणून सांगतो, माणूस सापडो न सापडो, अर्ज आधी टाकायचा.

तिसरा मार्ग कलम ३३ चाच, उच्च न्यायालयात रीतसर अर्ज करून. तो बंद नाही. लांबचा आणि खर्चाचा आहे, एवढंच.

आणि माझ्या फोनमधला जावईबापूंच्या आधारचा फोटो? वकिलीणबाई म्हणाल्या की त्यांचा क्रमांक जुन्या भाडेकराराच्या निमित्ताने कोर्टाच्या फाइलमध्ये आधीच आहे. म्हणजे माझ्याकडच्या प्रतीला काहीच काम उरलं नव्हतं. ती मी पुसून टाकली.

पण त्यानंतर उरलेली तेरा कार्डं माझ्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात धाकट्या मेव्हण्याला सहज विचारलं, "तुझं आधार माझ्याकडे आहे, तुला काही हरकत नाही ना?" तो हसला आणि म्हणाला, "भाऊजी, हरकत कशाला? तुम्ही तर ते मागच्या वर्षी ट्रिपच्या ग्रुपवरच टाकलं होतं. अठ्ठावीस लोक होते त्यात." मी टाकलं होतं. हॉटेलवाल्याला सगळ्यांची ओळखपत्रं हवी होती, मी एकदम ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो. त्याने तेव्हा काही म्हटलं नाही, कारण मी थोरला. घरातल्या थोरल्याला कोण बोलणार?

नंबर बाहेर गेल्याने लगेच आभाळ कोसळत नाही, हे खरं आहे. पण जुलै २०१८ मध्ये आर. एस. शर्मा यांनी, जे पूर्वी आधार प्राधिकरणात वरिष्ठ पदावर होते, स्वतःचा नंबर ट्विटरवर टाकून आव्हान दिलं की काय नुकसान करता ते करा. लोकांनी काही तासांत त्यांचा फोन, पत्ता, पॅन असं बरंच काही धुंडाळून मांडलं. प्राधिकरण म्हणालं की ही माहिती आधारच्या साठ्यातली नाही, इकडून तिकडून गोळा केलेली आहे. पण लोकांना असं काही करू नका, असा सल्लाही दिला. मार्च २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनीच्या आधार अर्जातला तपशील नोंदणी करणाऱ्यांकडूनच ट्विटरवर झळकला, तेव्हा जाब विचारायला त्यांच्या पत्नीच पुढे आल्या होत्या, आणि त्या नोंदणी संस्थेला दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं गेलं. बायकोने नवऱ्याच्या माहितीसाठी काय करावं, याचं हेही एक उदाहरण.

आमच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी एक पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट कोणालाही देऊ नका. देशभर गोंधळ उडाला, आणि दोन दिवसांत केंद्र सरकारने ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. पत्रक मागे गेलं, पण त्यात सुचवलेला उपाय आजही चालू आहे. तो म्हणजे मास्क्ड आधार, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. मी आता सगळ्यांना तेच डाउनलोड करायला शिकवलं. सोळा आकडी व्हर्च्युअल आयडीही काढता येतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. बायोमेट्रिक लॉक करता येतं. आपलं आधार मागच्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरलं गेलं, त्याची यादीही पाहता येते. पेन्शनर मंडळींनो, लॉक केलंत तर हयातीचा दाखला देण्याआधी उघडायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.

नात्यांचा विचार कायद्याने केलाच नाही, असं मात्र नाही. जानेवारी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून घरातल्या माणसाचा पत्ता बदलून घेता येतो. पण कुटुंबप्रमुखाला त्याच्या मोबाइलवरून तीस दिवसांत संमती द्यावी लागते. लहान मुलांची नोंदणी आईवडिलांच्या संमतीने होते, पण अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते मूल स्वतःचं आधार रद्द करायचा अर्ज करू शकतं. जून २०२५ पासून घरातलं माणूस गेलं तर त्याच्या मृत्यूची नोंद नातेवाईक आधारच्या पोर्टलवर करू शकतात. त्याला मृताचा आधार क्रमांक आणि मृत्यू नोंदणीचा क्रमांक लागतो. म्हणजे नातं मोजलं जातं, फक्त ज्याचं आधार त्याला वगळून नाही.

आणि हाच साठा माणसं जोडतोही. नागपूरची गोष्ट आहे. जबलपूरहून २०११ च्या सुमारास हरवलेला एक मुलगा अनाथालयात आला. ते २०१५ मध्ये बंद पडलं, तेव्हा एका मराठी कुटुंबाने त्याला घरी नेलं, आपला म्हणून वाढवलं, शाळेत घातलं. शाळेसाठी आधार काढायला गेले तर अर्ज पुन्हा पुन्हा नाकारला जाई. अखेर नागपूरच्या आधार केंद्रात कारण कळलं. त्या बोटांचं आधार आधीच निघालेलं होतं, जबलपूरला. २०२१ मध्ये तो मुलगा आपल्या जन्मदात्यांकडे गेला. वाढवणाऱ्यांनी त्याला स्वतः पोचतं केलं. त्या आईच्या मनाचं काय झालं असेल, ते मी सांगू शकत नाही. पण एक लक्षात घ्या. तिथे खिडकीवर बोटं ठेवून तो मुलगा स्वतः उभा होता.

आता माझ्या फोनमध्ये 'कुटुंब' फोल्डर नाही. आमच्या सौभाग्यवतींचं आणि माझं आधार, पेन्शनचे कागद, बँकेचा तपशील, हे सगळं एका पाकिटात घालून कपाटात ठेवलं आहे. कुठे आहे ते दोघांना ठाऊक आहे, आणि मुलाला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं आहे. बाकीच्यांना सांगितलं की काम असेल तेव्हा मास्क्ड प्रत पाठवा, काम झालं की मी पुसतो. मेव्हण्याची माफी मागितली. तो पुन्हा हसला, पण या वेळी जरा वेगळं हसला.

भाचीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. वर्ष भरायला एकोणीस दिवस असताना अर्ज दाखल झाला. वसुलीचं वॉरंट निघालं. जमिनीतल्या हिश्शापर्यंत कोर्टाचा कागद पोचला, तेव्हा जावईबापूंचे थोरले बंधू तारखेला हजर राहिले आणि तीन महिन्यांची रक्कम भरून गेले. बाकी अजून यायची आहे. पुढची तारीख पडली आहे.

जावईबापू कुठे राहतात, ते आम्हाला अजूनही माहीत नाही.

तुमच्या फोनमध्ये असं फोल्डर असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर ते उघडा. एकेक कार्ड बघा आणि ज्याचं आहे त्याला विचारा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.